फ्रिजमधलं पन्हं

बायको, सरोजिनी, गेली ही बातमी श्रीहरीला चक्कीवर कळली. गव्हाचं दळण टाकून तो बाकावर बसला होता. चक्कीचा आवाज एवढा, की खिशातला फोन वाजतोय हे शेजारच्या बाईनं त्याला सांगितलं. पलीकडे पूर्वा होती, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलगी. "काका, लवकर या," एवढंच तिला बोलता आलं. मग फोन डॉक्टरनं घेतला आणि सावकाश, हिंदीत, सगळं सांगितलं. सरोजिनी भाजी आणायला गेली होती आणि पूर्वा पिशव्या धरायला बरोबर होती. मेथीच्या जुड्या बघता बघता सरोजिनी खाली बसली, ती उठलीच नाही.

श्रीहरीनं फोन ठेवला. चक्कीवाल्यानं पिठाचा डबा पुढे केला. त्यानं तो घेतला, झाकण नीट लावलं आणि डब्यासकट रिक्षात बसला. दवाखान्यात पूर्वानं त्याच्या हातातून तो डबा काढून घेतला, तेव्हा त्याला पहिल्यांदा रडू आलं.

श्रीहरी मुळ्ये शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. हिंदी बोलणाऱ्या शहरात, अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत त्याचं छोटं घर. खाली तो आणि सरोजिनी, वरच्या खोल्यांत पूर्वा आणि श्रेया, आणि मागच्या अंगणातल्या खोलीत मुकुल. तिघंही कॉलेजात शिकणारी. भाडेकरू ठेवायची कल्पना सरोजिनीची आणि ठेवल्यावर त्यांना पोरांसारखं रागवायची सवयही तिचीच. श्रीहरीचं काम फक्त पाण्याची मोटर लावायची.

मुलगा परेश पुण्याहून येऊन तेराव्यापर्यंत राहिला होता. जाताना म्हणाला, "बाबा, चला आता माझ्याकडे."

"पोरांच्या परीक्षा आहेत," श्रीहरी म्हणाला.

"कुठल्या पोरांच्या?" परेशला कळेना. मग कळलं, तशी त्यानं बॅग उचलली.

त्याच आठवड्यात पूर्वाचे वडील बुऱ्हाणपूरहून आले. रघुवीर त्यांचं नाव, कापडाचं दुकान. सरळ माणूस, पण मुलीच्या बाबतीत घाबरट. त्यांनी सरोजिनीच्या फोटोला हार घातला, चहा घेतला आणि कप खाली ठेवून म्हणाले, "मुळ्येजी, राग मानू नका. पूर्वाला मी इथं ठेवलं ते काकूंच्या भरवशावर. आता घरात बाईमाणूस नाही. हॉस्टेलवर माझा विश्वास नाही. मी तिला घेऊन जातो."

"तिचं फिजिओथेरपीचं कॉलेज बुऱ्हाणपूरला आहे का?" श्रीहरीनं विचारलं.

"नाही. बी.ए. आहे. काय वाईट आहे?"

पूर्वा दारात उभी होती. तिचा चेहरा श्रीहरीनं पाहिला. बोलण्याची त्याला कधी सवय नव्हती, पाहुण्यांशी बोलायला सरोजिनी असायची. तरी तो बोलला. "तिचं दुसरं वर्ष चाललंय. मी आहे ना. वर्षभर बघा."

रघुवीरनी एकदा फोटोकडे पाहिलं. "बरं. पण एक जरी गोष्ट कानावर आली, मुळ्येजी, तर मी त्याच दिवशी येऊन सामान उचलीन. मग मला थांबवू नका."

"नाही थांबवणार," श्रीहरी म्हणाला. त्या दिवसापासून पूर्वा जिन्यावरून सुद्धा पाय न वाजवता उतरू लागली.

चैत्र लागला. एका सकाळी पूर्वा आणि श्रेया खाली आल्या आणि सोफ्याच्या कडेवर बसल्या. त्या अशा बसल्या की काहीतरी मागायचं असतं, हे श्रीहरीलाही आता कळू लागलं होतं.

"काका, चैत्रगौरीचं हळदीकुंकू कधी करायचं?"

"यंदा नाही करत, बाळ. वर्ष व्हायचंय. घरात सण नसतो."

"तुमच्या घरात नाहीच," श्रेया म्हणाली. ती नागपूरची, वाद घालण्यात पटाईत. "आमच्या घरात. वर. आम्ही भाडं देतो की नाही?"

"काकू म्हणायच्या, गौर एक वर्षही माहेरी आल्याशिवाय राहत नाही," पूर्वा म्हणाली. "मग ती आली आणि झोपाळाच नसला तर?"

श्रीहरी उठला. त्यानं देव्हाऱ्यातली पितळी गौर काढून दिली. "झोपाळा मात्र कुठे ठेवलाय, मला ठाऊक नाही."

"पलंगाखालच्या पेटीत, लाल साडीत गुंडाळलेला," पूर्वा म्हणाली आणि आत जाऊन घेऊन आली. स्वतःच्या पलंगाखाली काय आहे हे त्याला वरच्या मुलीकडून कळलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणाला तरी माहीत आहे, याचं बरंच वाटलं.

शनिवार ठरला. गल्लीतल्या बायकांना संध्याकाळचं बोलावणं गेलं. श्रीहरीला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की संध्याकाळच्या आधी दुपारही असते. आरास करायला मदत म्हणून कॉलेजातली दहा-बारा पोरं येणार होती, आणि परीक्षेचे पेपर नुकतेच संपले होते.

दुपारी जेवून तो आडवा झाला. वर आधी सामान सरकवल्याचे आवाज आले, मग हसणं, मग गाणी. गाण्यांचा आवाज वाढत गेला. खिडकीची काच थरथरू लागली. श्रीहरी कूस बदलून पडून राहिला. थंडीत सरोजिनी गेली, तेव्हापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता. कमी करा असं सांगायला हवं होतं, पण त्याला उठावंसं वाटेना.

समोरच्या घरातल्या बंडू दिघ्यांना मात्र तो आवाज सोसला नाही. बंडू श्रीहरीच्याच वयाचा, जुना मित्र, आणि दुपारच्या झोपेच्या बाबतीत कडक. त्यानं श्रीहरीला फोन केला, पण फोन स्वयंपाकघरात होता. मग त्यानं पोलिसांना केला.

पोलिसांची गाडी गल्लीत वळली तेव्हा श्रीहरी चूळ भरत होता. मागच्या दाराचा आवाज झाला. वाऱ्यानं आपटलं असेल असं त्याला वाटलं. तोंड पुसून तो बाहेर आला. फाटकात एक जाड मिशांचे हवालदार आणि एक तरुण महिला शिपाई उभे होते. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मिताली पवार असं नाव होतं. हवालदारांचं नाव चौहान.

"क्या अंकलजी, पूरी कॉलोनी को नचा रिये हो?" चौहान म्हणाले.

"बच्चे हैं, साहब. हमारे यहाँ हल्दी-कुंकू है."

"हल्दी-कुंकू में डीजे?"

मितालीनं हसू दाबलं. "सर, चैत्रगौर है. औरतों का होता है." मग श्रीहरीकडे वळून मराठीत म्हणाली, "पण काका, आमच्याकडे एवढ्या जोरात नाही होत हो."

श्रीहरी जिन्याच्या तळाशी गेला आणि ओरडला, "मुकुल! बंद कर ते!"

गाणं मधेच तुटलं. वर एवढी शांतता झाली की झोपाळ्याच्या घुंगरांचा आवाज खाली आला. समोर बंडू हाताची घडी घालून उभा होता.

"बस," चौहान म्हणाले. "शिकायत आवाज़ की थी, आवाज़ बंद. बच्चों को समझा देना अंकलजी, अगली बार मैं इतना मीठा नहीं बोलूँगा." ते वळलेही.

इथं श्रीहरीनं त्यांना जाऊ दिलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण ऊन भयंकर होतं, चौहानांची पाठ घामानं भिजली होती, आणि या घराच्या फाटकातून कुणी काही न घेता परत गेल्याचं श्रीहरीला आठवत नव्हतं. पोस्टमन असो, वर्गणीवाले असोत, सरोजिनी सगळ्यांना थांबवायची. तिनं थांबवलं असतं, म्हणून त्यानं थांबवलं.

"रुकिए साहब. पाँच मिनट. पानी तो पीके जाइए."

दोघांना बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसवून तो आत गेला. फ्रिज उघडला. आत मधल्या कप्प्यात मोठं स्टीलचं पातेलं होतं, वर ताटली. त्यानं ताटली उचलली. पन्हं. केशराच्या काड्या, वेलचीचा वास. सकाळपर्यंत हे पातेलं इथं नव्हतं. पोरींनी आपल्यासाठी आठवणीनं काढून ठेवलं, असं त्याला वाटलं. दर चैत्रात सरोजिनी पहिला ग्लास त्यालाच द्यायची, मीठ बरोबर आहे का सांगा म्हणून. आजही आपण चव घ्यावी असं त्याच्या मनात आलं, पण पाहुणे बसले होते. त्यानं चांगले काचेचे ग्लास काढले, भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि बाहेर नेले.

"ये क्या, पना?" चौहानांचा चेहरा उजळला. "वा अंकलजी. घर का?"

"घर का. चैत्रगौर का प्रसाद समझिए."

चौहानांनी ग्लास उचलला. मितालीनं उचलला. तेवढ्यात पूर्वा जिना उतरून दारात आली. पोलीस गेले का ते बघायला आली होती. तिनं खणाचं परकर-पोलकं घातलं होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिची नजर ग्लासवर गेली, तिथून ट्रेवर, तिथून श्रीहरीच्या तोंडाकडे. तिचा रंग उतरला.

चौहानांनी ग्लास ओठांशी नेला.

"सर, वो मत पीजिए!"

"क्यों? क्या हुआ?"

पूर्वाला गप्प बसता आलं असतं. ग्लासात माशी पडली, पन्हं बिघडलं, असं काहीही सांगता आलं असतं. ती म्हणाली, "उसमें वोडका है. काका को नहीं पता. काका को कुछ नहीं पता."

पंखा फिरत होता. चौहानांनी ग्लास खाली ठेवला, मग पुन्हा उचलून वास घेतला आणि पुन्हा ठेवला. "ड्यूटी पे," ते हळू आवाजात म्हणाले. "वर्दी में. पुलिस को पिला रिये थे, अंकलजी?"

श्रीहरी ट्रे हातात धरून उभाच होता. 

मग मुकुल आणि श्रेयालाही खाली बोलावलं गेलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. मुकुल देवासचा, सरळ उभं राहणं त्याला जमत नाही, तो भिंतीला टेकून बोलतो. आज तो ताठ उभा होता. पातेली दोन होती. एक संध्याकाळी बायकांना द्यायचं, ते वर गौरीपुढे होतं. दुसरं पोरांचं. गच्चीवरून पोलिसांची गाडी दिसली तेव्हा तो ते दुसरं पातेलं घेऊन खाली धावला, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला आणि ते फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वर पळाला.

"काकांच्याच फ्रिजमध्ये का ठेवलंस?" मितालीनं विचारलं.

"मॅडम, काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे सेफ," मुकुल म्हणाला. "अपन काही पण लफडं केलं की तिथंच जाऊन लपायचो. सवय."

"मोरीत ओतून द्यायचं ना, अक्कल!"

"पन्हं होतं ना मॅडम. पूर्वानं केलं होतं. चांगलं झालं होतं."

मिताली खिडकीतून बाहेर बघू लागली. चौहान मात्र हसले नाहीत. "उमर क्या है तेरी?"

"अठरा. उन्नीसवाँ लगेगा."

"और तेरी?"

"एकोणीस," पूर्वा म्हणाली, मराठीतच.

"इक्कीस के पहले शराब मना है, पता है ना? कॉलेज में पढ़ते हो." चौहान उठले. "चलो. सबको थाने ले चलते हैं. वहाँ से घरवालों को फ़ोन लगेगा. आके ले जाएँ अपने-अपने नवाबों को."

पूर्वा रडली नाही. तिनं फक्त श्रीहरीकडे पाहिलं. वडील दारात उभे असताना पाहिलं होतं तसंच. फोन लागला की रघुवीर निघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. रात्रीपर्यंत सामान बांधलेलं असेल, आणि मग बुऱ्हाणपूर, बी.ए., आणि पुढच्या वर्षी स्थळं.

श्रीहरीनं ट्रे टेबलावर ठेवला. "साहब, बैठिए. एक मिनट बैठिए." त्याला हिंदीत मोठी वाक्यं करता येत नव्हती, भावना असल्या की मराठीतही येत नव्हती. "ये मेरे घर में हुआ. मेरी गलती. मैं सोता रहा. मेरी पत्नी नहीं रही, जनवरी में. वो होती तो दुपार को ही ऊपर जाती, कान पकड़ती. मैं नहीं गया. आवाज़ अच्छी लग रही थी."

चौहान पुन्हा बसले.

"इसके पिताजी ले जाएँगे इसको," श्रीहरी म्हणाला. "पढ़ाई बंद. पक्का."

"तो वो अब सोच रही है, पहले सोचना था."

"सर," मिताली मधे बोलली. "ही बोलली नसती तर आपण दोघं प्यायलो असतो. गाडीत बसून ठाण्यात गेलो असतो. हिला काय, गप्प राहिली असती तर सुटली असती." मग तिच्या लक्षात आलं की ती मराठीत बोलली आणि तिनं सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं.

चौहानांनी मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ ते ग्लासकडेच बघत होते. दिसायला फार सुंदर पन्हं होतं.

"एक शर्त है," ते अखेर म्हणाले. "थाने से फ़ोन नहीं जाएगा. आप करोगे. घर का बड़ा बनके. इन तीनों के घर, एक-एक को, पूरी बात. शराब की भी. मेरी भी बेटी है अंकलजी, मुझसे कोई ये बात छुपाए तो मैं उसको ज़िंदगी भर माफ़ नहीं करूँगा. अगले इतवार को ये आके पूछेगी." त्यांनी मितालीकडे बोट केलं. "आप झूठ नहीं बोलोगे, ये दिख रहा है."

"बताऊँगा," श्रीहरी म्हणाला. "सबको."

मुकुलनं पातेलं चौहानांसमोर मोरीत ओतलं. बाकीची पोरं एकेक करून, चपला हातात घेऊन, मागच्या दारानं गेली. जाताना चौहानांनी साधं पाणी मागितलं आणि दोन ग्लास प्यायले, दोन्ही वेळा आधी वास घेऊन.

संध्याकाळी हळदीकुंकू झालं. श्रीहरी वर गेला नाही. खाली खुर्चीत बसून तो जिन्यावरच्या बांगड्यांचे आवाज ऐकत होता. बंडूची बायको शांता उतरताना थांबली. पदरात भिजवलेले हरभरे, हातात कैरीच्या डाळीचा द्रोण. "भावजी, आरास अगदी सरोजिनीसारखी केलीय हो पोरींनी. डाळीत मिरची तेवढी जास्त." मग रस्त्यापलीकडे बघून तिनं आवाज चढवला. "आणि आमच्या ह्यांनी काय केलं ते कळलं मला. पोलीस! हळदीकुंकवाला पोलीस बोलावतात का हो?"

"मला काय माहीत हळदीकुंकू आहे!" पलीकडून बंडू ओरडला. "मला कुणी बोलावलं होतं का?"

"बायकांचं असतं ते!"

"मग मला कसं कळणार, भिया?" बंडूनं श्रीहरीलाच विचारलं. श्रीहरी हसला. थंडीनंतर पहिल्यांदा हसला, आणि लगेच आत वळून सरोजिनीला हे सांगायला गेला. स्वयंपाकघराच्या दाराशी पोहोचल्यावर त्याला आठवलं. तो पाणी पिऊन परत आला.

रविवारी त्यानं फोन सुरू केले. मुकुलची आई म्हणाली, "त्याला द्या फोन," आणि मग पुढची पंधरा मिनिटं मुकुल अंगणात नुसता "हो आई" म्हणत फिरत होता. श्रेयाच्या वडलांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, सांगितल्याबद्दल आभार मानले आणि पुढच्या महिन्याचा श्रेयाचा गोव्याचा बेत रद्द केला. श्रेया दोन दिवस श्रीहरीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताजी कैरीची डाळ घेऊन आली.

पूर्वाच्या वडलांचा नंबर त्यानं शेवटी ठेवला होता. बुधवारी सकाळी, आंघोळ करून, चष्मा लावून त्यानं तो लावला. काय बोलायचं ते मनात तयार केलं होतं, आडवळण न घेता. पूर्वा जिन्यावर बसली होती.

"मुळ्येजी!" रघुवीरनी पहिल्याच रिंगला उचललं. "मीच करणार होतो फोन. पूर्वानं फोटो पाठवले. हळदीकुंकवाचे. अहो, काय सांगू. माझी आई मांडायची तशी गौर मांडलीय पोरीनं. आमच्या घरात आई गेल्यापासून बंद झालं होतं सगळं. बायको फोटो बघून रडली."

"हो," श्रीहरी म्हणाला. "छान केलं तिनं."

"मी चुकीचं बोललो होतो तेव्हा. बाईमाणूस नाही वगैरे. काकूंनी जे शिकवलं ते त्या घरात आहे अजून. पूर्वा तिथंच राहील. शिक्षण पूर्ण होईपर्यंत. काही काळजी नाही मला." त्यांचा आवाज भरून आला होता. "तुम्ही कशासाठी फोन केला होता?"

श्रीहरीनं तोंड उघडलं. तयार केलेलं पहिलं वाक्य समोर होतं. त्या माणसाच्या आवाजातला आनंद त्याला ऐकू येत होता. तोच आवाज आपल्या एका वाक्यानं कसा होईल, तेही ऐकू येत होतं.

"सहज," तो म्हणाला. "तब्येत विचारायला."

फोन ठेवला तेव्हा पूर्वा जिन्यावरून खाली आली होती. "सांगितलंत?"

"नाही."

ती त्याच्या शेजारी बसली. "मग मी सांगते, काका. त्यांना माझ्याकडून कळू दे."

"शब्द मी दिलाय," श्रीहरी म्हणाला. "हवालदारांना. सांगायचं मीच. तू नको मधे पडू." मग थोड्या वेळानं, "काकू असती तर पहिल्या वाक्यात सांगून मोकळी झाली असती. वर दोन गोष्टी त्यांनाही सुनावल्या असत्या."

"आणि शेवटी पप्पाच सॉरी म्हणाले असते," पूर्वा म्हणाली.



पुढच्या रविवारी मिताली आली. साध्या कपड्यांत, स्कूटीवर. तिनं पाणी घेतलं, पूर्वाच्या हातचे पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाली आणि मग बशी खाली ठेवून विचारलं, "काका, झाले का फोन?"

"दोन घरी सांगून झालं," श्रीहरी म्हणाला. "पूर्वाच्या वडलांना सांगायचं राहिलंय."